जर्बिल : आजारपण व शुश्रूषा

जर्बिल हा कृंतक (उंदीर, खार यांच्या) गणातील लहान सस्तन प्राणी. घरोघरी पाळतात तो मंगोलियन जर्बिल (मेरिओनेस अंग्विक्युलेटस). प्रौढाचे वजन साधारणतः 60 ते 100 ग्रॅम, आयुष्य 3 ते 4 वर्षे. दुखणे तो लपवतो. अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसेपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो.

त्याच्या शोधाच्या सालाविषयी नोंदींत एकवाक्यता नाही. आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकाने 1866 मध्ये नमुने पॅरिसला पाठवले व फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्झ यांचे वर्णन 1867 मध्ये प्रसिद्ध झाले. शोधाचे साल म्हणून दोन्ही आढळतात. नामकरणासाठी 1867 धरणे अधिक योग्य. आजचे पाळीव जर्बिल मात्र 1935 च्या सुमारास अमूर नदीच्या खोऱ्यात पकडून जपानला नेलेल्या सुमारे 20 जोड्यांचे वंशज मानले जातात. जपानमधून 1954 मध्ये 11 जोड्या अमेरिकेत गेल्या. त्यांतील 5 माद्या व 4 नरांपासूनच पुढील वंश वाढला, असे बहुधा सांगितले जाते. या वंशात 20 ते 40 टक्के प्राण्यांना आकडी येते. मूळ प्राण्यांची अल्प संख्या हे तिचे कारण असल्याचे मत पुरेसे सिद्ध दिसत नाही. आनुवंशिकता मात्र निश्चित आहे, कारण निवडक पैदाशीने आकडी येणारे व न येणारे असे वेगळे वंश तयार झाले आहेत. आकडी बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. त्या वेळी प्राण्याला हातात घेऊ नये.

खरा घातक आजार टायझर रोग. क्लॉस्ट्रिडियम पिलिफॉर्मे या जीवाणूमुळे होणाऱ्या या रोगाचे पहिले वर्णन 1917 चे, तेही उंदरांतील. जर्बिल त्याला विशेष बळी पडतो. सुस्ती, विस्कटलेली लव, कधी जुलाब, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. बीजाणू बिछान्यात दीर्घकाळ टिकतात. स्ट्रेप्टोमायसीन जर्बिलला मारक ठरते, म्हणून घरातले किंवा गुरांचे प्रतिजैविक परस्पर देऊ नये.

नाशिकमध्ये निदानाला हवामान आड येते. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर गेली की निरोगी जर्बिलची लवही ओलसर, विस्कटलेली दिसते. पावसाळ्यात म्हणूनच लवेवर विसंबू नये, सराफी काट्यावर रोज वजन करावे. घटते वजन अधिक खरे बोलते. थंडीत पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा पिंजऱ्याच्या एकाच बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवावी, म्हणजे प्राण्याला दूर सरकता येते. पातळ अन्न सुई नसलेल्या सिरिंजने ओठांच्या कडेने थेंबथेंब द्यावे. शेपटी धरून उचलू नये. कातडी सोलून निघते. सरकारी दवाखान्यांचे काम मुख्यतः गुराढोरांचे असल्याने लहान प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच हेरून ठेवावा. कसारा घाट उतरून मुंबईला नेण्याचा ताण अत्यवस्थ जिवाला क्वचितच सोसवतो.

सोबत्याला वेगळे करावे काय, याबाबत दोन मते आहेत. संसर्गाची शंका असल्यास वेगळे करणे अपरिहार्य. एरवी मध्ये जाळी लावून दोघांना शेजारी ठेवणे बरे, कारण काही दिवसांच्या ताटातुटीने ओळखीचा वास हरवतो आणि बरा होऊन परतलेल्यावर सोबतीच तुटून पडतो.