आफ्रिकी कलावंत आणि परदेशातल्या रेसिडेन्सी: वाट कशी पडली

रेसिडेन्सी म्हणजे कलावंताने ठरावीक काळ दुसऱ्या ठिकाणी राहून काम करायची सोय. 1982 मध्ये ब्रिटिश शिल्पकार अँथनी कारो आणि कलासंग्राहक रॉबर्ट लोडर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पाइन प्लेन्स इथे दोन आठवड्यांचं शिबिर भरवलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतले कलावंत आले, म्हणून नाव पडलं ट्रँगल. एकत्र राहायचं, दिवसभर काम करायचं आणि एकमेकांच्या कामावर बोलायचं, एवढीच रीत.

पुढच्याच वर्षी तिथे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे चित्रकार डेव्हिड कोलोआने गेले. वर्णद्वेषी राजवटीत कृष्णवर्णीय चित्रकाराला हक्काचा स्टुडिओ मिळणं मुश्कील होतं, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडून कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली दृश्यंच मागायचं. परतल्यावर कोलोआने आणि चित्रकार बिल एन्स्ली यांनी 1985 मध्ये थुपेलो शिबिर सुरू केलं. सोथो भाषेत थुपेलो म्हणजे करून दाखवत शिकवणं. तिथल्या अमूर्त चित्रांवर टीका झाली: लढ्याच्या काळात ही अमेरिकेची नक्कल कशाला? आक्षेप गंभीर होता. पण काळ्या माणसाने वस्तीच रंगवावी, ही अपेक्षा तरी कुठे त्याची स्वतःची होती?

त्यानंतर झिम्बाब्वेत पाचिपाम्वे (1988) आणि बोट्स्वानात थापोंग (1989) ही शिबिरं निघाली. दोन आठवडे अपुरे पडतात हे कळल्यावर कायमच्या जागा झाल्या. 1991 मध्ये जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमध्ये, म्हणजे जुन्या भारतीय वस्तीच्या भागात, पोत्यांच्या बंद कारखान्यात बॅग फॅक्टरी हे कलावंतांच्या स्टुडिओंचं केंद्र उभं राहिलं. 1994 मध्ये लंडनला गॅसवर्क्स हे तसंच केंद्र. आपल्याकडची खोज ही दिल्लीतली कलासंस्था ट्रँगलमधून वाढलेल्या याच जाळ्यातली; तिचं पहिलं शिबिर 1997 मध्ये मोदीनगरला झालं.

या जाळ्याबाहेरही मोठी कामं घडली. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई 1980 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कमिंग्टनला रेसिडेन्सीत होते, तिथे त्यांनी लाकडावर चेन-सॉ, म्हणजे यांत्रिक करवत, चालवायला सुरुवात केली. बेनिनचे कलावंत मेशाक गाबा 1996-97 मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमी या कलासंस्थेत रेसिडेन्सीवर होते. आफ्रिकेच्या समकालीन कलेचं त्यांचं कल्पित संग्रहालय तिथूनच आकाराला आलं.

आज गाडी अडते ती व्हिसापाशी. बऱ्याच रेसिडेन्सी तीन महिन्यांच्या असतात आणि युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकत्रित चालणारा शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसाही 180 दिवसांत 90 दिवसांचाच. म्हणजे 12 आठवड्यांच्या मुक्कामाला जेमतेम सहा दिवस उरतात. प्रदर्शन आठवडाभर पुढे गेलं तरी पंचाईत. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कलावंताकडे पगाराची पावती नसते, त्यामुळे निमंत्रणपत्रात भत्त्याची रक्कम, राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट कोण देणार आणि मुक्कामाच्या तारखा नेमक्या लिहाव्या लागतात. ‘सर्व खर्च आम्ही करू’ एवढं मोघम वाक्य पुरत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा निवड त्याहून आधी व्हायला हवी. आणि अनेक देशांत हव्या त्या देशाचा दूतावासच नसतो. शेजारच्या देशात जाऊन अर्ज करण्याचा खर्च आयोजकांनी अंदाजपत्रकात वेगळा धरला नाही, तर तो कलावंताच्या खिशातून जातो.