तैपेईचे राजवाडा संग्रहालय : खजिन्याची पार्श्वभूमी

शेवटच्या सम्राटाला बीजिंगच्या राजवाड्यातून बाहेर काढल्यावर वर्षभरात, १९२५ मध्ये, तिथेच संग्रहालय सुरू झाले. ईशान्य चीनमधला मांचुरिया जपानने गिळंकृत केल्यावर १९३३ मध्ये तेरा हजारांहून अधिक पेटारे दक्षिणेकडे हलवले गेले. आधी शांघाय, मग नानजिंग आणि १९३७ नंतर तीन वेगवेगळ्या वाटांनी सिच्वान.

१९४८ च्या अखेरीपासून, कम्युनिस्टांविरुद्धची यादवी हरत आलेल्या राष्ट्रवादी सरकारने त्यातले २,९७२ पेटारे तीन जहाजांतून तैवानला नेले. म्हणजे जेमतेम २२ टक्के. पण निवड जाणकारांची होती. ते काही काळ एका साखर कारखान्याच्या गोदामात राहिले. तैपेईतली इमारत उघडली ती १९६५ मध्ये.

बीजिंग याला लूट म्हणते, तैपेई बचाव. इमारत उघडल्याच्या पुढच्याच वर्षी चीनमध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या वस्तूंची जी धूळधाण झाली, ती पाहता बचावाचे पारडे जड वाटते. मात्र त्याच काळात बीजिंगच्या राजवाड्याचे दरवाजे बंद करून आतला संग्रह सांभाळला गेला, हे तैपेईची बाजू मांडणारे सहसा सांगत नाहीत.

खरा पेच आहे वस्तू प्रदर्शनासाठी बाहेर देण्याचा. बीजिंगच्या दाव्यावरून परदेशातल्या कोर्टाने जप्ती आणली तर? म्हणून जप्तीपासून संरक्षण देणारा कायदा असलेल्या देशालाच वस्तू द्यायच्या, अशी तैपेईची अट. जपानने तसा कायदा २०११ मध्ये केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये टोकियोत प्रदर्शन झाले. १८.७ सेंटिमीटर उंचीचा, पानांवर टोळ कोरलेला जेडचा प्रसिद्ध कोबी तिथे फक्त दोन आठवडे होता. त्यातही काही पोस्टरांवर संग्रहालयाच्या नावातला ‘राष्ट्रीय’ गाळला गेला. तैपेईने प्रदर्शनच रद्द करण्याचा इशारा दिल्यावर पोस्टर बदलली.

फुचुन डोंगररांगांच्या प्रसिद्ध चिनी चित्राचेही तेच. १३५० मधली ही गुंडाळी १६५० च्या सुमारास मरणासन्न मालकाने आगीत टाकायला लावली. पुतण्याने ओढून काढली, तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. लहान तुकडा, जेमतेम ५१ सेंटिमीटरचा, चीनच्या च-च्यांग प्रांतात. सहा मीटरांहून लांब असलेला तैपेईत. २०११ मध्ये दोन्ही शेजारी मांडले गेले, पण त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला तो लहान तुकड्यालाच. मोठा तुकडा मुख्य भूमीवर पाठवायचा तर तो परत मिळेल अशी कायदेशीर हमी हवी, आणि तशी हमी बीजिंगने देणे म्हणजे तैपेईची मालकी मान्य केल्यासारखेच.