माळरान पडीक नसतं

पाऊस सुरू झाला की सोलापुरातल्या संस्था, मंडळं रोपं घेऊन माळावर निघतात. समज जुना आहे: माळ म्हणजे पडीक जमीन, तिथं झाडं लावली की निसर्ग वाचला. तळमळ खरी, पण समज चुकीचा.

आपल्याकडे पाऊस कमी, माती उथळ. इथलं मूळ वैभव गवताचंच: पवन्या, मारवेल, कुसळी. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 साली झालं ते या गवतामुळे. माळढोकाची मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. धोका लांबून दिसला तरच तिचा निभाव लागतो. गिरीपुष्प, सुबाभूळ अशी झाडं दाट लावली की नजर अडते, सावलीत गवत खुरटतं. काळवीट, लांडगे, धाविक पक्षी यांचंही घर हाच माळ.

दुसरा समज असा की माळ जपणं हे सरकारचंच काम. तोही खरा नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली आठ निसर्गप्रेमींनी मिळून काढली, आणि माळढोकाच्या अभ्यासात तिचा वाटा मोठा आहे. गावातली संस्थाही पक्ष्यांच्या नोंदी ठेवू शकते, वणवा रोखायला वनखात्याला साथ देऊ शकते, चराईबद्दल मेंढपाळांशी बोलू शकते. रोपं जरूर लावा, पण गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला.