मुलांकडे परदेशी जाताय? व्हिसा मिळाल्यावर हेही वाचा

बडोद्याहून मुला-मुलींकडे निघालेले आई-वडील आमच्याकडे येतात ते व्हिसाच्या कामासाठी. व्हिसा हातात पडला की सगळं झालं, असं त्यांना वाटतं. आम्हाला मात्र काळजी लागते ती तिथे पोचल्यानंतरच्या मुक्कामाची. म्हणून हे पत्रक छापलं आहे. याचा फोटो काढून तिकडे मुलांनाही पाठवा.

अमेरिकेचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात, म्हणून आधी तेच. तिथला बी-१/बी-२, म्हणजे भेटीला जाणाऱ्यांचा व्हिसा आपल्याकडे साधारणपणे १० वर्षांचा मिळतो. पण त्यावरची तारीख एवढंच सांगते, की त्या दिवसापर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दारात जाऊन उभे राहू शकता. आत किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो. बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. ही तारीख असते आय-९४ या नोंदीत. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून तिचा कागद हातात देत नाहीत; अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून ती फुकट काढता येते. पोचलात की एक-दोन दिवसांत मुलाला किंवा जावयाला सांगून ती काढून घ्या.

त्यात नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना ते बघा, आणि मग ‘ॲडमिट अंटिल डेट’, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ते. तिकडे महिना आधी लिहितात: ०४/०९ म्हणजे ९ एप्रिल, ४ सप्टेंबर नव्हे. नवरा-बायको एकाच खिडकीवर उभे राहिले असले तरी दोघांची नोंद वेगळी असते, म्हणून दोन्ही वाचा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर मुक्कामही तेवढाच कापून मिळू शकतो. तेव्हा निघण्याआधी इथेच नवा पासपोर्ट करून घ्या.

सहा महिने पुरणार नसतील, तर मुदतवाढीचा अर्ज म्हणजे फॉर्म आय-५३९. तो यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आणि तारीख संपायच्या आत. ४५ दिवस आधी करा, असं ते खातंच सुचवतं. मुलीचं बाळंतपण लांबलं, आजारपण आलं, शस्त्रक्रिया झाली, जे खरं असेल ते कारण सरळ लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. खर्च कोण करणार आणि परत येण्यासाठी इथे काय आहे, घर, पेन्शन, बँकेचं पासबुक, हेही दाखवावं लागतं. एकूण मुक्काम सहसा वर्षाच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. अर्ज वेळेत गेला असेल, तर उत्तराची वाट पाहताना मूळ तारीख उलटली तरी तो काळ बेकायदा मुक्कामात मोजत नाहीत. नकार आला तर मात्र लगेच निघायचं. अर्जाची पावती जन्मभर जपा. पुढच्या खेपेला विमानतळावर विचारलं तर तीच कामी येते.

‘चार दिवस कॅनडात जाऊन या, सहा महिने परत मिळतील’ हा सल्ला हमखास कुणीतरी देतो. कृपा करून ऐकू नका. ३० दिवसांच्या आतली अशी फेरी सहसा जुन्याच आय-९४ वर धरली जाते.

तारीख उलटून अर्ज न करता एक दिवस जरी राहिलात, तरी तो १० वर्षांचा व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर १० वर्षं. सत्तरीतल्या आजी-आजोबांसाठी १० वर्षं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनचा व्हिसा कितीही वर्षांचा असो, एका भेटीत सहा महिनेच, आणि पूर्ण सहा महिने मिळाले असतील तर वाढीची आशा धरू नका. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरतात, आणि मुलगा जर्मनीत, मुलगी नेदरलँड्समध्ये असेल तर दोन्हीकडचे दिवस एकत्र मोजतात. कॅनडात मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी वाढीचा अर्ज करावा. तिथे आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. लांब राहायचं असेल तर आम्ही तोच सुचवतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसापत्रात ८५०३ हा आकडा आहे का ते शोधा. असेल, तर तिथे बसून सहसा पुढचा व्हिसा मागता येत नाही.

पेन्शनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मुक्काम नोव्हेंबरपर्यंत लांबला, तर हयातीचा दाखला तिकडूनच द्यावा लागेल. तो कसा द्यायचा, ते निघण्याआधी आपल्या बँकेत विचारून घ्या.

आम्ही अर्ज भरून देतो, कागद लावून देतो, तारखांची आठवण करतो. पण आम्ही वकील नाही. तारीख उलटून गेली असेल किंवा नकाराचं पत्र आलं असेल, तर तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडेच जा. आमच्याकडे येताना पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स, आय-९४ ची प्रत आणि परतीचं तिकीट आणा. मूळ पासपोर्ट आम्ही ठेवून घेत नाही. दांडिया बाजारातलं आमचं कार्यालय रविवारी सकाळीही उघडं असतं, कारण तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते आणि मुलं फोनवर भेटतात.