मार्चचा माल, ऑगस्टचा महसूल

गोव्यातल्या जुवारी नदीतून लोहखनिजाच्या बार्ज (सपाट मालवाहू होड्या) येतात, मुरगावला जहाज भरतं आणि मार्चअखेर चीनकडे निघतं. माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला, विकणाऱ्याचं काम संपलं. तरी त्याच मालाचे 25 लाख कंपनीच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या महसुलात दिसू शकतात. यात लबाडी असेलच असं नाही. बऱ्याचदा कारण असतं खनिजातलं पाणी.

खनिज ओलंच भरलं जातं, पैसे मात्र कोरड्या टनावर ठरतात. नमुना 105 अंश सेल्सिअसला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतात. जे घटलं ती ओल. समजा, जहाजात 50,000 टन माल आहे. विकणाऱ्याची प्रयोगशाळा म्हणते ओल 8 टक्के, घेणाऱ्याची म्हणते 9. एकाच्या हिशेबाने कोरडा माल 46,000 टन, दुसऱ्याच्या 45,500. टनाला 5,000 रुपये धरा, वाद 25 लाखांचा झाला. मग नमुना दोघांना मान्य अशा तिसऱ्या प्रयोगशाळेत जातो आणि निकाल यायला ऑगस्ट उजाडतो.

31 मार्चला काय लिहायचं? आपल्याकडे 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेलं इंड एएस 115 हे लेखामानक म्हणतं: अंदाज बांधा, पण पुढे मोठी रक्कम उलटवायची पाळी येणार नाही याची दाट शक्यता असेल तेवढाच महसूल धरा. सावध कंपनी 45,500 टन धरते. ऑगस्टमध्ये 8 टक्क्यांवर शिक्का बसला की उरलेले 25 लाख चालू वर्षात जमा. जुना हिशेब उघडत नाहीत, कारण तो अंदाज होता, चूक नव्हती. मात्र आधीच्या वर्षांत पुऱ्या केलेल्या कामांतून या वर्षी आलेला महसूल किती, हे हिशेबाला जोडलेल्या टिपेत वेगळं सांगावं लागतं. (हाच निकाल संचालक मंडळाने हिशेब मंजूर करण्यापूर्वी आला असता, तर रक्कम जुन्याच वर्षात गेली असती.)

दरम्यान लोहखनिजाचा जागतिक भाव हलला, तर तो फरक या आकड्यात धरत नाहीत. तो येणे रकमेच्या मूल्यातला बदल, त्याचं मानक निराळं.

याच टिपेत शेजारी आगाऊ रकमेतून आलेला महसूल असतो आणि वाचणारे हमखास गल्लत करतात. कळंगुटच्या हॉटेलने मार्चमध्ये घेतलेलं एप्रिलचं बुकिंग तिथलं: पैसे आधी, काम नंतर.

आपला आकडा, म्हणजे आधी पुऱ्या केलेल्या कामांतून या वर्षी आलेला महसूल, उणेही असू शकतो. खनिज कंपनीत तो वर्षामागून वर्ष मोठा उणे येत असेल, तर आधीचे नफे फुगवून दाखवले होते का, हे विचारायला हवं. मोठा अधिक येत राहिला, तर व्यवस्थापन चांगल्या वर्षाची कमाई वाईट वर्षासाठी राखून ठेवतंय का, असा मला संशय येतो. औषध कंपनीला मात्र हा न्याय लावू नये. तिने फॉर्म्युल्याचा परवाना एकदाच दिलेला असतो आणि रॉयल्टी, समोरच्याची विक्री होईल तशी, वर्षानुवर्षं येत राहते. तिथे मोठा आकडा म्हणजे धंदा नीट चालू आहे, इतकंच.