अंधबिंदू

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एक जागा अशी असते की तिथे पडलेला प्रकाश मुळीच जाणवत नाही. तिला अंधबिंदू म्हणतात. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे आजार घरोघरी माहीत असल्यामुळे हे नाव ऐकून माणूस दचकतो. पण अंधबिंदू हा आजार नव्हे. प्रत्येक निरोगी डोळ्यात तो जन्मापासून असतो. नावातला ‘बिंदू’ही फसवा आहे. पौर्णिमेचे दहा चंद्र शेजारी शेजारी मांडले, तर ते सगळे या जागेच्या रुंदीत मावतील.

तो अनुभवायला कोरा कागद आणि एक टिकली पुरते. कागदाच्या डाव्या बाजूला पेनाने फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर, त्याच ओळीत, टिकली चिकटवावी. डावा डोळा हाताने झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहावे आणि कागद हळूहळू मागेपुढे करावा. सुमारे तीस सेंटिमीटरवर टिकली नाहीशी होते. मोह होतो तिच्याकडे नजर वळवण्याचा, आणि नजर वळली की ती पुन्हा दिसते. नीट लक्ष दिले तर आणखी एक गोष्ट कळते: टिकलीच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. कागद पिवळा असेल तर तिथेही पिवळाच. टिकलीच्या वरून आणि खालून एक उभी रेघ काढली, तर टिकली गेल्यावर रेघ बहुधा मधे न तुटता सलग दिसते. तिथून मेंदूला काहीच खबर येत नाही. आजूबाजूला जे आहे तेच तिथे असणार असे धरून तो जागा भरून काढतो.

हे घडते डोळ्याच्या बांधणीमुळे. बुबुळाच्या मधल्या बाहुलीतून आत आलेला प्रकाश भिंगातून दृष्टिपटलावर पडतो. तिथे अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे 60 लाख शंकूपेशी असतात. पण या पेशी पडद्याच्या मागच्या अंगाला आहेत आणि त्यांचे संदेश नेणारे तंतू पुढच्या अंगाला, म्हणजे प्रकाशाच्या वाटेवरच. हे दहा-बारा लाख तंतू पडद्यावरून सरकत एका ठिकाणी गोळा होतात आणि तिथून पडदा भेदून डोळ्याबाहेर पडतात. त्यांचीच दृक्‌चेता होते. रुग्णांच्या बोलण्यातली ‘डोळ्याची नस’ ती हीच. दृष्टिपटलाची मुख्य रोहिणी आणि नीलाही याच दारातून ये-जा करतात. दीड ते दोन मिलिमीटरच्या या दारात दंडपेशी नाहीत, शंकूपेशीही नाहीत. हे दार पडद्याच्या नाकाकडच्या बाजूला असते. भिंग प्रतिमा उलटी करत असल्यामुळे, न दिसणारा भाग मात्र नजरेच्या कानाकडच्या बाजूला, मध्यापासून सुमारे पंधरा अंशांवर येतो. म्हणूनच वरच्या प्रयोगात उजव्या डोळ्यासाठी टिकली उजवीकडे लागते.

दोन्ही डोळे उघडे असताना ही उणीव भासत नाही, कारण एका डोळ्याला न दिसणारी जागा दुसऱ्याला दिसत असते.

फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिऑत यांनी सतराव्या शतकात, 1660 च्या दशकात, हा शोध लावला. शवविच्छेदन करताना त्यांना दिसले की दृक्‌चेता बाहुलीच्या बरोबर समोर नसून थोडी नाकाच्या बाजूला डोळ्यात शिरते. मग प्रतिमा नेमकी त्या जागी पडली तर काय होईल, या कुतूहलापोटी त्यांनी भिंतीवर कागदाच्या दोन चकत्या लावल्या, एकीवर नजर रोखली आणि मागे मागे सरकत गेले. दुसरी चकती दिसेनाशी झाली. त्यांचा प्रयोग अचूक होता, निष्कर्ष मात्र चुकला: त्या जागी रंजितपटल, म्हणजे दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर, नसते, म्हणून पाहण्याचे काम दृष्टिपटल नव्हे तर रंजितपटल करते, असे त्यांनी मानले.

माशापासून माणसापर्यंत सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या दृष्टिपटलाची बांधणी अशीच उलटी आहे. ऑक्टोपस आणि आपल्या किनाऱ्यावर मिळणारे माकूळ यांच्या डोळ्यांत मात्र प्रकाश टिपणाऱ्या पेशी पुढे आणि तंतू मागे असतात, त्यामुळे त्यांना अंधबिंदू नाही. यावरून आपल्या डोळ्याला सदोष ठरवणे घाईचे होईल. आपल्या दंडपेशी आणि शंकूपेशींना सतत भरपूर प्राणवायू लागतो. त्या मागे असल्यामुळेच रंजितपटलातल्या दाट रक्तपुरवठ्याजवळ राहतात.

आंधळी असली तरी नेत्रतज्ज्ञाला सर्वात जास्त सांगणारी जागा हीच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले, तेव्हापासून जिवंत माणसाच्या मज्जातंतूंचे टोक थेट पाहता येऊ लागले. डॉक्टर या जागेला ‘डिस्क’ म्हणतात. निरोगी डिस्क गुलाबी-नारिंगी असते, तिच्या मधोमध फिकट खळगा असतो. काचबिंदूत तंतू मरत जातात तसा हा खळगा रुंदावतो, आणि रुग्णाला काही जाणवण्याआधीच तो बदल डॉक्टरांना दिसू शकतो. डोक्यातला दाब वाढला तर डिस्क सुजते आणि अंधबिंदू मोठा होतो.

काचबिंदूच्या रुग्णांना एकेक डोळा झाकून यंत्रापुढे बसवतात आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायला सांगतात. बरेच दिवे दिसले नाहीत म्हणून पुष्कळ जण खट्टू होऊन बाहेर येतात. पण हे यंत्र दिवे मुद्दाम अंधुक करत जाते, आणि अनेक यंत्रे तर अधूनमधून थेट अंधबिंदूवरच दिवा लावतात. तिथे बटण दाबले गेले, तर समजायचे की रुग्णाची नजर मधल्या खुणेवरून हलली आहे.