श्वासपटल किती हलते? एका मोजमापाची पार्श्वभूमी

पोटाची सोनोग्राफी करताना डॉक्टर हमखास सांगतात, "श्वास घ्या... धरून ठेवा." श्वास घेतला की श्वासपटल खाली उतरते, यकृत आणि मूत्रपिंडही त्याच्याबरोबर सरकतात आणि पडद्यावरचे चित्र हलते. म्हणून ते क्षणभर थांबवायचे. एरवी अडचण ठरणारी हीच हालचाल मोजण्यासाठी आता अतिदक्षता विभागात रुग्णाच्या बरगड्यांखाली प्रोब टेकवला जातो.

छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू शांत श्वासाचे बहुतेक काम एकटा उचलतो. त्याला चालवणारी फ्रेनिक नस मात्र मानेतून निघते आणि हृदयाला खेटून खाली येते. इतक्या लांबच्या वाटेवर मानेच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेत, छातीतल्या गाठीमुळे, तिला कुठेही इजा होऊ शकते.

श्वासपटल जिवंत माणसात हलताना दिसले ते क्ष-किरणांमुळे. रॉन्टगेन यांचा शोध १८९५ चा. त्यानंतर लवकरच बोस्टनचे डॉक्टर फ्रान्सिस विल्यम्स यांनी फ्लुओरोस्कोपीत, म्हणजे क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात, पाहिले, की क्षयाने ग्रासलेल्या बाजूचे श्वासपटल कमी खाली उतरते. क्षयावर औषध नव्हते त्या काळात फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून शल्यविशारद फ्रेनिक नस मुद्दाम चिरडत आणि ती बाजू लुळी पाडत. पुढे नाकाने झटकन हुंगायला लावण्याची चाचणी रूढ झाली. त्यात निरोगी बाजू खाली जाते, लुळी वर उचलली जाते. पण या तपासणीत किरणोत्सर्ग आला, शिवाय रुग्णाला क्ष-किरणांच्या खोलीत न्यायचे आले. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, त्यालाच खाटेवरून हलवता येत नाही, ही मोठी अडचण होती.

वाट निघाली ती अगदी वेगळ्या ठिकाणाहून. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र हृदयावर लावले. एकाच रेषेत लहरी पाठवायच्या आणि परत येणारा प्रतिध्वनी काळाच्या पट्टीवर नोंदवत जायचा, हा एम-मोड. १९७० च्या दशकात याच लहरी श्वासपटलाकडे वळल्या. उजवीकडे यकृत खिडकीसारखे उपयोगी पडते. त्यातून पाहिले तर श्वासपटल ठळक पांढऱ्या रेषेसारखे दिसते आणि एम-मोडमध्ये प्रत्येक श्वासाला तिची एक लाट उमटते. लाटेची उंची हेच माप. डावीकडे प्लीहेची खिडकी लहान, त्यात जठरातली हवा आड येते. तिकडचे माप आजही अनेकदा हुकते.

मोजता आले, तरी किती असायला हवे हे ठरवणे बाकी होते. माझ्या मते खरा टप्पा तो आहे. २००९ मध्ये फ्रान्सचे आलँ बूसूज आणि सहकाऱ्यांनी २१० निरोगी प्रौढांची मोजणी प्रसिद्ध केली. शांत श्वासात पुरुषांची सरासरी १.८ सेंटिमीटर, स्त्रियांची १.६, खोल श्वासात ७ आणि ५.७.

त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासाने डॉक्टरांना हादरवले होते. मेंदूमृत अवयवदात्यांना १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर ठेवले असताना, तेवढ्या अवधीत त्यांच्या श्वासपटलाच्या तंतूंचा आडवा छेद निम्म्याहून लहान झालेला आढळला. विश्रांतीत स्नायू इतक्या लवकर झिजतो म्हटल्यावर त्याला खाटेपाशीच तपासण्याची निकड वाढली. २०११ पासून व्हेंटिलेटर काढण्याच्या चाचणीत १० मिलिमीटरपेक्षा कमी हालचाल म्हणजे दुबळे श्वासपटल, अशी मर्यादा वापरात आली.

आपल्याकडे खाटेपाशी यंत्र नेण्याला आणखी एक बाजू आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. फक्त छाती तपासणाऱ्या यंत्राचीही त्याखाली नोंदणी लागते. मुलींसाठी तो जाच सोसलाच पाहिजे.

माप घेताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. व्हेंटिलेटर हवा ढकलत असेल तर श्वासपटल त्या दाबानेही खाली सरकते, आणि पडद्यावरची लाट स्नायूची नसून यंत्राची असू शकते. म्हणून यंत्राचा आधार काढून, रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेत असतानाच लाटेची उंची मोजतात.